अण्णाची एकशे बारा पानं

"आक्का, हे बघ तुझं मराठी," उत्तम म्हणाला आणि लॅपटॉप माझ्याकडं वळवला.

पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा उकिरडा होता. मध्येच कंस, मध्येच टिंब, मध्येच एखादं मोठं अक्षर उगाच ताठ उभं. कीबोर्डवर दाणे टाकून वर कोंबड्या सोडल्यासारखं.

"हे माझं नाही," मी म्हणाले. "तुझ्या लिनक्सनं वाटोळं केलं."

"लिनक्सनं काही केलं नाही. फाइलच्या पोटात जे होतं ते बाहेर काढून दाखवलं. तुमचं ते मराठीचं सॉफ्टवेअर आतून असंच लिहितं. वरून मराठीचा मुखवटा चढवतं, बस."

"मग मुखवटा चढव की."

"मुखवट्याला लॉक आहे!"

खाटेवर अण्णा उशीला टेकून बसला होता. आमचा बाप, सटवाजी उफाडे, वय एकोणसत्तर. उजवा हात मांडीवर पडलेला, दुसऱ्या कुणाचा तरी ठेवायला दिल्यासारखा. आम्ही भांडत होतो आणि तो एकदा माझ्याकडं, एकदा उत्तमकडं बघत होता. बोलायचं त्याच्या हातात नव्हतं. तीन महिन्यांपूर्वी झटका आला आणि उजव्या अंगासोबत त्याची जीभ गेली. सगळं कळत होतं, पण तोंडातून एकच शब्द सुटायचा, "च्यायला". तोही त्याला हवा तेव्हा नाही, शब्दाला हवं तेव्हा. हो म्हणायचं तर डाव्या बोटानं एकदा ठोकायचं, नाही म्हणायचं तर दोनदा. ही युक्ती दवाखान्यात उत्तमनं काढली होती.

ही दोन हजार नऊची गोष्ट आहे. सेलूला आमच्या दोन खोल्यांच्या घरात, एका रविवारी, जेवणं झाल्यावरची.

परभणीच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "त्यांचंच बोलणं त्यांना रोज ऐकवा. जुन्या वाटेनं शब्द परत येतात कधीकधी." लोकांच्या घरात बापाचं बोलणं असतं तरी कुठं? आमच्याकडं होतं. एकशे बारा पानं. आजारी पडायच्या आधी दोन वर्षं अण्णा दर रविवारी सांगायचा आणि मी दुकानात बसून टाइप करायची. मी पत्रिका, हँडबिलं, वाढदिवसाचे फलक करते ते दुकान. ज्या छापखान्यात अण्णानं बावीस वर्षं खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवले, त्याच जागेवर मालकाच्या पोरानं, शिरीष देवळ्यांनी, ते काढलं होतं. खिळे भंगारात गेले, कॉम्प्युटर आले. जुळारी घरी गेला, त्याची पोरगी कामाला लागली.

आमचं मराठी चालायचं ते एका बोटाएवढ्या लॉकवर. ते कॉम्प्युटरच्या पाठीत खोचलं की सॉफ्टवेअर उठायचं, काढलं की झोपायचं. पावसाळ्यात एकदा वीज उसळून आली आणि लॉक जळालं. कंपनीला फोन लावला तर नंबरच अस्तित्वात नव्हता. कंपनीही. शिरीषभाऊंनी दुसऱ्या कंपनीचं नवं आणलं. त्यात जुनी एकही फाइल उघडेना. पत्रिकांचं काय, लग्नं होऊन गेली होती. अण्णाची पानं मात्र आत अडकली.

"एक प्रिंट काढून ठेवायला काय झालं होतं तुला?" उत्तमनं विचारलं. पुण्याहून आल्यापासून तिसऱ्यांदा.

"टोनर संपला होता."

"दोन वर्षं?"

मी उठून त्याच्यासाठी पाणी आणलं.

माझा धाकटा भाऊ पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. शिष्यवृत्तीवर शिकला, आणि शिकताना त्याला लिनक्सचं वेड लागलं. गावात कुणी भेटलं की विचारायचा, तुमच्याकडं काय आहे, विंडोज का? आणि मग त्या माणसाचा बस चुकेपर्यंत निकाल लावायचा.

"विंडोज म्हणजे भाड्याची खोली," आत्ताही त्यानं सुरू केलंच. "भिंतीला खुंटी ठोकायची तर मालकाला विचारा. आणि तू तर भाडंही देत नाहीस. चोरून राहतीस."

"सगळं सेलू चोरून राहतंय. माझ्या एकटीच्या नावानं कशाला दवंडी पिटतोस? आणि मागच्या दिवाळीला तुझ्या लिनक्सवर आमचा प्रिंटर चालवून दाखवणार होतास. दोन तास घाम गाळलास. शेवटी शिरीषभाऊ म्हणाले, उत्तम, राहू दे, चहा घे."

"प्रिंटरवाल्यानं कुलूप घालून ठेवलंय, त्याला मी काय करू? लिनक्स आपलं घर आहे, आक्का. वीट न् वीट दिसते. गळलं तर आपण शाकारायचं, कुणाच्या पाया पडायचं नाही."

"मला घर शाकारायचं नाही. मला लोकांची लग्नं लावायचीत. आणि तुझे साहेब वापरतात ते सफरचंदवालं? मग ते काय रे?"

"ते देऊळ. चकचकीत. लांबून हात जोडायचे, गाभाऱ्यात हात लावायचा नाही."

खाटेवरून अण्णानं घशात आवाज काढला. मी पाणी पुढं केलं, त्यानं तोंड फिरवलं. कूस बदलायची का, तर दोनदा ठोकलं. काय लागलं ते कळलं नाही.

उत्तम परत पडद्याकडं वळला. आवाज उतरला होता. "एक तक्ता पाहिजे. कुठलं इंग्रजी अक्षर म्हणजे कुठलं मराठी, एवढाच. तो मिळाला तर बाकीचं मशीन करील. पण ज्यांनी तक्ता केला त्यांनी तो कुणाला दिला नाही आणि दुकान बंद केलं. माणूस मेला आणि पेटीची किल्ली संगं घेऊन गेला." त्यानं डोळे चोळले. "आक्का, मला नाही जमायचं वाटतंय."

तो हे असं म्हणाला म्हणून मी पहिल्यांदा पडद्याकडं नीट बघितलं. तोवर मी त्याच्यावर जळत बसले होते. पहिली दोन अक्षरं होती ई आणि एच.

"मी," माझ्या तोंडून निघालं.

"तू काय?"

"मी नाही. मी. तिथं 'मी' लिहिलंय."

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जणू मला पण झटका आलाय. मी पुढं बघत होते. एल, मोठा व्ही, ओ, के, टी, एच. माझी बोटं आपोआप मांडीवर हलायला लागली. एल म्हणजे उजव्या हाताचं तिसरं बोट, स. मोठा व्ही म्हणजे शिफ्ट धरून डावीकडं खाली, ट.

"सटवाजी," मी म्हणाले.

मी दहावी नापास आहे. इंग्रजी विषयात. ती अक्षरं मला इंग्रजी म्हणून कधी दिसलीच नव्हती. अकरा वर्षं मी त्याच कळा दाबून मराठी काढलं होतं, न बघता, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता. पडदा इंग्रजी बोलत होता आणि माझी बोटं मराठी ऐकत होती. मी वाचायला लागले. अडखळत, बोटं हलवत, पण वाचायला लागले.

"मी सटवाजी उफाडे. जातीनं मांग. धंदा खिळे जुळवायचा. खिळा उलटा असतो, म्हणून मी आयुष्यभर लोकांची नावं उलटी वाचली. कागदावर सुलटी उमटायची ती मालकाच्या नावानं."

"च्यायला!" खाटेवरून आलं.

अण्णाचे डोळे एवढे मोठे झाले होते. तोंड एका बाजूनं हसत होतं, दुसरी बाजू लटकली होती, आणि त्या लटकलेल्या बाजूनं लाळ येत होती. उत्तमनं पुसली.

"परत बोल," तो म्हणाला. "हळू. एकेक अक्षर. तू बोल, मी लिहितो."

तास दीड तास आम्ही तेच केलं. मी बोट ठेवायची, तो तक्त्यात भरायचा. र्‍हस्व वेलांटी अक्षराच्या आधी दाबतात हे त्या एवढ्या शिकलेल्याला माहीत नव्हतं. माझ्याकडून ऐकून त्याला कोण आनंद झाला! "आधी वेलांटी! म्हणून गणित बसंना!" असं ओरडून त्यानं कपाळावर हात मारला. मध्ये त्याच्यासाठी चहा टाकला तर कपात बोट बुडेपर्यंत त्याला चहा आल्याचं कळलं नाही. मग त्यानं एक कळ दाबली आणि त्या उकिरड्यात मराठी उगवायला लागलं. आधी ठिगळाठिगळानं, मग ओळीच्या ओळी.

"आता हे कुठंही उघडंल," तो म्हणाला. "माझ्या घरात, तुझ्या भाड्याच्या खोलीत, देवळात सुद्धा. कुणाच्या बापाचं लॉक नाही."

"आपल्याच बापाचं आहे," मी म्हणाले. आम्ही हसलो. किती वर्षांनी एकत्र हसलो कोण जाणे.

मी खाटेशी बसून वाचायला लागले. नोकरीच्या पहिल्या दिवशी अण्णाच्या हातून खिळ्यांची भरली केस, म्हणजे कप्प्याकप्प्यांचा ट्रे, सांडली, ते आलं. नाना देवळे, म्हणजे मालक, शिरीषभाऊंचे वडील, म्हणाले, हे सगळं जिथलं तिथं लाव, मग घरी जा. तीन दिवस अण्णा जमिनीवर बसून एकेक खिळा दिव्याशी धरून कप्प्यात टाकत होता. "त्या तीन दिवसांत मी वाचायला शिकलो," असं वाक्य होतं. शाळेत त्याला मास्तरनं भिंतीबाहेर बसवलं होतं, आणि इथं बाराखडी त्याच्या पायाशी सांडली होती. हे ऐकताना अण्णानं डावा हात वर केला आणि हवेत खिळे वेचले, कप्प्यात टाकले. टाकताना ओठ हलत होते. आवाज नव्हता, पण ओठ हलत होते.

सांगून टाकते, शब्द परत आले नाहीत. अण्णा पुढं तीन वर्षं जगला आणि डॉक्टरीणबाई चुकल्या. पण त्या दुपारी आम्हाला ते माहीत नव्हतं. त्या दुपारी उत्तम त्याच्या ओठांकडं असा बघत होता, जणू आता एवढ्यात काहीतरी पडेल आणि ते झेलायचंय.

चौसष्टाव्या पानावर दसऱ्याचं आलं. मी वाचलं, "दसरा जवळ आला की पत्रिकांची गडबड. नानांनी मला पोटच्या पोरासारखं सांभाळलं. दिवाळीच्या आत—"

अण्णानं खाटेची कड ठोकली. दोनदा.

"काय, अण्णा? पाणी?"

दोनदा.

मी पुन्हा वाचलं. "नानांनी मला पोटच्या पोरासारखं—"

दोनदा. जोरात. आणि लगेच अजून दोनदा.

"तक्ता चुकलाय," उत्तम पुढं सरकला. "पोटच्या. पोरा. थांब, एखादं अक्षर भलतं बसलंय. तू मूळचं वाच, मी ताडून बघतो."

"अक्षरं बरोबर आहेत," मी म्हणाले.

"मग त्याला काय—"

"वाक्य माझं आहे."

उत्तमला कळलं नाही. अण्णाला कळलं. तो माझ्याकडं बघत होता आणि त्याचं बोट कडेवर थांबलं होतं.

लोकांना मी आजही सांगते, पोटासाठी केलं. नोकरी देवळ्यांची, कॉम्प्युटर देवळ्यांचा, रविवारी दुकानाची किल्ली विश्वासानं देणारे शिरीषभाऊ. आणि माणूस चांगला. वाईट असता तर सोपं गेलं असतं. हे पान सांगितलं त्या रविवारी ते मागच्या टेबलावर पेपर वाचत बसले होते आणि अण्णा खंडेनवमीचं सांगायला लागला. छापखान्यात त्या दिवशी यंत्राला कामाला लावायचं नाही, पुजायचं. वर्षभर ट्रेडलला, त्या पायानं चालवायच्या छपाईच्या मशीनला, तेल अण्णा द्यायचा, तिचे दात अण्णा साफ करायचा, तिच्यात एकदा त्याचं नख गेलं होतं. त्या दिवशी मात्र अण्णा अंगणात. आत सोवळं. मांगाचा हात तीनशे चौसष्ट दिवस चालायचा, एक दिवस चालायचा नाही. नाना मशीनला हळदकुंकू लावायचे आणि प्रसाद बाहेर अंगणात यायचा, वरून हातात टाकलेला.

अण्णा हे मोठ्यानं सांगत होता, त्याच जागेत, आणि मागं पेपरचं पान उलटायचं थांबलं होतं. माझे कान तापले. पोटाची भीती होती, हो. पण खरं सांगू? त्याहून जास्त लाज वाटली. देवळ्यांची नाही. माझ्या बापाची. अंगणात उभा राहिला आणि हात पसरला म्हणून.

"मी टाइप केलंच नाही," मी म्हणाले. "तू सांगत होतास, अण्णा, आणि मी नुसत्या कळा बडवत होते. पडद्याची पाठ तुझ्याकडं होती. तुला वाटलं मी लिहितेय. तू गेल्यावर सगळं खोडलं आणि हे एक वाक्य घातलं. म्हणून प्रिंट काढली नाही. तू प्रूफ वाचलं असतंस, तुझ्या नजरेतून कानामात्रा सुटत नाही. टोनर होता, उत्तम. टोनर नेहमीच होता."

उत्तमनं लॅपटॉपवरचा हात काढून घेतला. त्यानं शिवी घातली असती तर बरं झालं असतं.

मी लॅपटॉप ओढून घेतला. "आत्ता लिहिते. मला आठवतंय." अंगणाचं लिहिलं, सोवळ्याचं लिहिलं, वरून टाकलेल्या प्रसादाचं लिहिलं. मग हात थांबले. "पहिल्याच वर्षी, असं म्हणाला होतास तू. पहिल्याच वर्षी मी... आणि पुढं काय, अण्णा? मला माहीत नाही. मी ऐकलंच नाही. कळा वाजवायच्या नादात मी ऐकलंच नाही."

एकशे बारा पानांत ते नव्हतं. ज्याला माहीत होतं त्याला बोलता येत नव्हतं. मी तिथंच रडायला लागले, आणि मला रडणाऱ्या बायांचा राग येतो.

अण्णानं डाव्या हातानं मला जवळ बोलावलं. मी वाकले. मला वाटलं डोक्यावर हात ठेवतोय. त्यानं माझ्या कपाळाची टिकली नखानं उचकटली.

"अण्णा, काय करतोस?"

टिकली बोटाला चिकटली होती. ते बोट हळूहळू लॅपटॉपपाशी गेलं. पडद्याच्या वरच्या पट्टीवर, बरोबर मध्ये, त्यानं ती टेकवली आणि दाबली.

उत्तमला माझ्या आधी कळलं. "तू कुंकू लावलंस? मशीनला?"

एकदा.

"नानांच्या आधी, आत जाऊन?"

एकदा.

"कुणी बघितलं?" मी विचारलं. "नानांनी?"

एकदा.

"मारलं?"

दोनदा.

"शिव्या दिल्या? कामावरून काढतो म्हणाले?"

दोनदा. दोनदा.

"मग काय केलं?"

याला ठोकून उत्तर देता येत नाही. अण्णानं अंगठा टिकलीवर ठेवला आणि ती सावकाश बाजूला सरकवली, पार कडेपर्यंत.

"पुसलं," मी म्हणाले. "काही न बोलता पुसलं आणि स्वतःचं लावलं."

एकदा.

उत्तम उठून उभा राहिला. कुणावर धावून जाणार होता कोण जाणे, नाना मरून दहा वर्षं झाली होती. अण्णानं दोनदा कड ठोकली. बस खाली. उत्तम बसला. मग अण्णानं कडेला गेलेली टिकली परत सरकवत सरकवत मध्ये आणली आणि दाबली.

"ते निघून गेल्यावर परत लावलंस?"

एकदा.

"आणि पुढच्या वर्षी?"

एकदा.

"त्यांनी परत पुसलं?"

एकदा.

"त्याच्या पुढच्या वर्षी?"

माझ्या प्रश्नांचा त्याला कंटाळा आला. त्यानं डाव्या हाताचा पंजा उघडला, मिटला. पुन्हा उघडला, मिटला. चार वेळा. मग दोन बोटं.

बावीस. छापखाना होता तोवर दर खंडेनवमीला. एकानं लावायचं, दुसऱ्यानं पुसायचं, पहिल्यानं परत लावायचं. त्यावर दोघांत एक शब्द नाही. आणि मी समजत होते माझा बाप अंगणात उभा होता.

मी लॅपटॉप खाटेवर त्याच्या पुढ्यात ठेवला, पडदा त्याच्याकडं करून, आणि शेजारी बसून तिरप्या मानेनं टाइप करायला लागले. अण्णा एकेक अक्षर उमटताना बघत होता. उत्तम पायथ्याशी बसून त्याचं पाऊल दाबत होता. चार ओळी झाल्या. पाचव्या ओळीला अण्णानं माझं मनगट धरलं.

मी थांबले. ओळ वाचली. काही चुकलं नव्हतं. मी पुन्हा वाचली. नानांच्या नावापुढं माझ्या बोटांनी, नेहमीच्या सवयीनं, 'साहेब' लिहिलं होतं.

ते खोडलं. अण्णानं हात सोडला.